शेवटचे २२८ तास

नागपुरात मानेवाडा ओलांडून दक्षिणेकडे निघालं की हुडकेश्वर लागतं. २०१३ साली नरसाळ्यासोबत हे गाव महापालिकेत आलं आणि ग्रामपंचायत संपली. शेतांचे लेआउट पडले, लेआउटांच्या वस्त्या झाल्या. २०२२ च्या जूनमध्ये इथे सरपंच नव्हता, कारण गाव शहरात गेलं होतं. नगरसेवकही नव्हता, कारण महापालिकेची मुदत ४ मार्चला संपली होती आणि ५ मार्चपासून प्रशासकाचा कारभार सुरू झाला होता. निवडणूक कधी आणि कशी होणार, ते मुंबई आणि दिल्लीत ठरायचं होतं. म्हणून त्या जूनमध्ये मुंबईत जे दहा दिवस घडलं, ते शेवटी इथल्या माणसाच्या दाराशीच येऊन पोचणार होतं. ते दिवस मी हुडकेश्वरातून, तासांच्या हिशोबानं पुन्हा मांडतो आहे.

काटा शून्यावर येतो तो बुधवार, २९ जून २०२२ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास. उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा जाहीर केला, ती वेळ. बाकीचे तास त्या वेळेपासून मागे मोजले आहेत आणि ते ढोबळ आहेत.

सोमवार, २० जून, सकाळी ९. शिल्लक २२८ तास

विधान परिषदेच्या १० जागांसाठी विधानभवनात मतदान सुरू झालं. उमेदवार ११. दहाच दिवसांपूर्वी राज्यसभेच्या निवडणुकीत भाजपचे तिसरे उमेदवार धनंजय महाडिक यांनी शिवसेनेच्या संजय पवार यांना हरवलं होतं. अपक्ष आणि छोट्या पक्षांच्या मतांवर शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या सत्ताधारी आघाडीला भिस्त ठेवता येत नाही, हे तेव्हाच कळून चुकलं होतं. राज्यसभेला आमदाराला आपलं मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावं लागतं. विधान परिषदेचं मतदान गुप्त असतं. पहिल्यात गळती लागली असेल तर दुसऱ्यात काय होईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

या दोन निवडणुकांच्या मधले दहा दिवस मला सगळ्यात मोलाचे वाटतात. तिन्ही पक्षांचे नेते मुंबईतच होते. नाराज आमदारांची नावं प्रत्येकाला माहीत होती. निधी कुणाला मिळतो, कुणाला मिळत नाही, याच्या तक्रारी वर्षभर चालू होत्या. बैठका झाल्या, पण त्या मतांच्या कोट्याच्या. आमदारांना हॉटेलात ठेवण्याची सोय झाली. त्यांचं म्हणणं ऐकून घेण्याची झाली नाही.

सोमवार, २० जून, रात्री. शिल्लक २१५ तास

निकाल लागला. निवडून यायला २६ मतं लागत होती. भाजपचे आमदार १०६, उमेदवार ५, म्हणजे साधारण १३० मतांची बेगमी हवी. पाचही निवडून आले. काँग्रेसच्या पहिल्या पसंतीचे उमेदवार चंद्रकांत हंडोरे पडले. आघाडीची मतं आता घरातूनच फुटली होती.

मुंबईत मतमोजणी चालू असताना काही गाड्या ठाण्याकडून गुजरातच्या दिशेनं निघाल्या होत्या. त्यांत नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे आणि शिवसेनेचे आमदार होते. धाराशिवचे आमदार कैलास पाटील वाटेत, राज्याच्या सीमेजवळ उतरले. पावसात काही किलोमीटर पायी चालत, मग दुचाकीवर, मग ट्रकमधून आपण परत आलो, असं त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं. निवडून दिलेला आमदार रात्री महामार्गाच्या कडेनं भिजत घरी येतो, हे दृश्य महाराष्ट्रानं त्याआधी पाहिलं नसावं.

शिंदे यांच्या खात्याचा हुडकेश्वरशी थेट संबंध होता. शहरांत प्रभाग किती, एका प्रभागात नगरसेवक किती, हे नगरविकास खात्याच्या कायद्यानं ठरतं. २०१७ साली नागपुरात ३८ प्रभाग आणि १५१ नगरसेवक होते, एका प्रभागात बहुतेक चार. आघाडी सरकारनं, शिंदे त्या खात्याचे मंत्री असताना, ही रचना बदलली. तीन सदस्यांचे ५२ प्रभाग, एकूण १५६ नगरसेवक. नकाशे निघाले, हरकती झाल्या, ३१ मे २०२२ रोजी आरक्षणाची सोडतही निघाली. निवडणूक दारात आली आहे असं त्या दिवसांत इथे सगळ्यांनाच वाटत होतं. इच्छुकांचे फलक लागले होते.

मंगळवार, २१ जून, दुपार. शिल्लक २०० तास

सुरतेत आमदार उतरलेल्या हॉटेलभोवती गुजरात पोलिसांचा बंदोबस्त होता. शिवसेनेनं शिंदे यांना विधिमंडळ गटनेतेपदावरून काढलं आणि अजय चौधरी यांना नेमलं. मिलिंद नार्वेकर आणि रवींद्र फाटक शिवसेनेतर्फे बोलणी करायला सुरतेला गेले. शिंदे आणि ठाकरे यांचं फोनवर बोलणं झालं. काँग्रेस आणि राष्ट्रवादीची साथ सोडा, भाजपसोबत चला, ही शिंदे यांची मागणी.

आता या क्रमाकडे बघा. आधी पद काढलं, मग माणूस पाठवला. ज्याच्याशी बोलायचं आहे त्याची बाहेर पडायची वाट मोकळी करून देऊन बोलणी सुरू झाली. पलीकडेही तेच. दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या पक्षाच्या सरकारच्या बंदोबस्तात बसून केलेली मागणी ऐकणाऱ्याला मागणी वाटत नाही. दोन्ही बाजूंना एकमेकांचं म्हणणं अनेक महिने माहीत होतं. कमतरता माहितीची नव्हतीच.

या भांडणाचं मूळ २०१९ मध्ये आहे. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला भाजप-शिवसेनेनं मुंबईत युती जाहीर केली आणि पदं व जबाबदाऱ्या समसमान वाटून घेण्याची भाषा झाली. समसमान म्हणजे काय, ते कागदावर आलं नाही. मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं ठरलं होतं, असं ठाकरे म्हणत राहिले. असा शब्द दिलाच नव्हता, असं अमित शाह आणि देवेंद्र फडणवीस म्हणत राहिले. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. भाजप १०५, शिवसेना ५६. दोघांचे मिळून १६१, बहुमताला हवेत १४५. मतदारानं स्पष्ट कौल दिला होता आणि तो एका बंद खोलीतल्या न लिहिलेल्या वाक्यापायी वाया गेला.

बुधवार, २२ जून, पहाटे. शिल्लक १८७ तास

मध्यरात्रीनंतर आमदारांना सुरतेच्या विमानतळावर आणलं गेलं. विमान गुवाहाटीला गेलं.

याच बुधवारी बाळापूरचे आमदार नितीन देशमुख नागपूर विमानतळावर उतरले. ते बेपत्ता असल्याची तक्रार त्यांच्या पत्नीनं आदल्या दिवशी अकोल्यात पोलिसांकडे केली होती. आपल्याला सुरतेत जबरदस्तीनं रुग्णालयात नेलं, असं देशमुख म्हणाले. शिंदे गटानं ते नाकारलं आणि विमानातले त्यांचे फोटो पुढे केले. हुडकेश्वरात बसून मुंबई-सुरतेच्या बातम्या पाहणाऱ्यांना ते प्रकरण त्या दिवशी वर्धा रोडवर येऊन उभं राहिलेलं दिसलं.

आमदारांना असं गठ्ठ्यानं का हलवावं लागतं, याचं उत्तर कायद्यात आहे. पक्षांतरबंदी १९८५ साली घटनेच्या दहाव्या परिशिष्टानं आली. आधी एक-तृतीयांश आमदार वेगळे झाले तर ती फूट मान्य व्हायची. २००३ साली ९१ व्या घटनादुरुस्तीनं ती सवलत गेली. उरली ती दोन-तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट. रमेश लटके यांच्या निधनानंतर शिवसेनेचे ५५ आमदार होते. दोन-तृतीयांश म्हणजे ३७. त्या पहाटे हा आकडा महाराष्ट्रातल्या प्रत्येक टपरीवर पाठ झाला होता.

फुटीरांना आळा घालायला केलेल्या या कायद्यानं प्रामाणिक मतभेदाची जागाही बुजवली, असं माझं मत आहे. पक्षादेशाविरुद्ध एका आमदारानं एका ठरावावर मत दिलं तर त्याची आमदारकी जाते. सदतीस जणांनी मिळून सरकारच पाडलं तर वाचण्याची आशा असते. असंतोष लहान असताना तो बोलून दाखवायची सोय नाही. मग तो मोठा होईपर्यंत दडवून ठेवला जातो आणि एका रात्री बाहेर पडतो. पक्षादेशाची सक्ती विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरतीच ठेवावी, ही सूचना अनेक वर्षं मांडली जात आहे. ती कोणत्याही सत्ताधाऱ्यानं मनावर घेतलेली नाही.

बुधवार, २२ जून, सायंकाळी साडेपाच. शिल्लक १७२ तास

राज्यपाल भगतसिंह कोश्यारी करोनाबाधित. मुख्यमंत्रीही त्याच दिवशी चाचणीत बाधित आढळले. शिवसेनेचे प्रतोद सुनील प्रभू यांनी आमदारांना बैठकीचा आदेश काढला. गुवाहाटीतून ३४ आमदारांच्या सह्यांचा ठराव आला की गटनेते शिंदेच आणि प्रतोद भरत गोगावले.

मग ठाकरे फेसबुकवरून राज्याशी बोलले. आपल्याच माणसांना मी नको असेन तर समोर येऊन सांगा, मी पद सोडतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. म्हाळगीनगर चौकाजवळच्या टपरीवर चार-पाच जणांनी एका मोबाइलभोवती गर्दी करून ते ऐकलं. बोलणं संपल्यावर बराच वेळ कुणी काही म्हणालं नाही. काहींचे डोळे पाणावले होते. त्यांत ज्यांनी कधी शिवसेनेला मत दिलं नाही असेही होते.

मला ते बोलणं मनापासूनचं वाटलं, अजूनही वाटतं. पण ज्यांच्याशी बोलायचं होतं ते अडीच हजार किलोमीटरवर होते आणि निरोप गेला तो साऱ्या राज्याला. दुसऱ्या दिवशी आमदार संजय शिरसाट यांचं पत्र शिंदे यांनी प्रसिद्ध केलं. त्यातला मुख्य सल असा की वर्षा बंगल्याची दारं आम्हाला बंद होती. मुख्यमंत्री आमच्या पक्षाचे असून आम्हाला भेटत नव्हते आणि काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आमदारांची कामं होत होती. त्या पत्रातलं सगळं खरं मानायची गरज नाही. मुख्यमंत्र्यांचं आजारपण आणि शस्त्रक्रिया मधल्या काळात झाली होती, करोनाची दोन वर्षं होती. तरी ५५ पैकी चाळीस जणांना एकच तक्रार करावीशी वाटते, तेव्हा ती आधी ऐकायला कुणीतरी बसायला हवं होतं. आघाडी चालवणं म्हणजे दर आठवड्याला कुणाची तरी समजूत काढणं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याची बातमी होत नाही, आणि त्याच्याशिवाय सरकार टिकत नाही.

रात्री ठाकरे यांनी वर्षा सोडलं आणि ते मातोश्रीवर गेले. रस्त्यात दुतर्फा शिवसैनिक उभे होते.

गुरुवार, २३ जून, दुपार. शिल्लक १५१ तास

शिवसेनेचे संजय राऊत यांनी जाहीर केलं की आमदारांनी २४ तासांत मुंबईत येऊन सांगावं, आघाडीतून बाहेर पडायचा विचार करू. म्हणजे आदल्या मंगळवारी जी मागणी फेटाळली, तिच्यावर गुरुवारी विचार करायची तयारी झाली. अठ्ठेचाळीस तासांत तिची किंमत उरली नव्हती. काँग्रेस आणि राष्ट्रवादीला हे टीव्हीवरून कळलं असेल तर त्यांना काय वाटलं असेल, याचाही विचार करायला हवा. घरातल्यांना परत आणायला शेजाऱ्याचा हात सोडायची तयारी चव्हाट्यावर दाखवली गेली.

कृषिमंत्री दादाजी भुसे याच सुमारास गुवाहाटीला पोचले. विदर्भात तो पेरणीचा पंधरवडा. सोयाबीन आणि कपाशीचं बियाणं दुकानात, शेतकरी आभाळाकडे बघत, आणि खात्याचा मंत्री आसामात. तिकडे आसाम स्वतः पुरात होता. सिलचर शहर पाण्याखाली होतं. रामटेकचे आशिष जयस्वाल आणि भंडाऱ्याचे नरेंद्र भोंडेकर हे अपक्षही त्या हॉटेलात दिसले. मुंबईत त्याच दिवसांत शासन निर्णयांची इतकी घाई झाली की राज्यपालांनी त्याबद्दल विचारणा केली.

आणि हुडकेश्वरात? महापालिका निवडणुकीच्या प्रारूप मतदार याद्या त्याच आठवड्यात लागल्या. शेजारच्या लेआउटमधल्या एक काकू २०१७ ची मतदार चिठ्ठी जपून ठेवलेली घेऊन चौकात आल्या. चिठ्ठीच्या घड्या विरल्या होत्या, त्यावरचा प्रभाग क्रमांक जेमतेम वाचता येत होता. "आपला वार्ड आता कोणता आहे गा भाऊ?" त्यांनी विचारलं. नव्या नकाशात त्यांची गल्ली कुठे आहे ते एका पोरानं मोबाइलवर शोधून दाखवलं. त्यांनी नवा क्रमांक चिठ्ठीच्या मागे पेनानं लिहून घेतला. तो क्रमांक कधीच वापरात आला नाही.

शनिवार, २५ जून ते सोमवार, २७ जून. शिल्लक शंभर, मग ५५ तास

या तीन दिवसांत भाषा राजकारणाची राहिली नाही, वकिलांची झाली. विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा दिल्या, उत्तराला सोमवार सायंकाळपर्यंत मुदत. रविवारी शिवसेनेचे मंत्री उदय सामंतही गुवाहाटीला गेले. सोमवारी सर्वोच्च न्यायालयात न्या. सूर्य कांत आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांनी ती मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. ठाकरे यांनी गेलेल्या मंत्र्यांची खाती उरलेल्यांना वाटली. नगरविकास सुभाष देसाईंकडे आलं. नागपूरच्या प्रभागांची फाइल आता तिसऱ्याच टेबलावर होती.

मंगळवार, २८ जून, रात्री दहाच्या आसपास. शिल्लक २४ तास

दिल्लीहून आलेले विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस राजभवनावर गेले आणि सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगावं, अशी मागणी केली. सकाळ उजाडेपर्यंत राज्यपालांचं पत्र निघालं होतं. ३० जूनला सकाळी ११ वाजता विधानसभेचं अधिवेशन, विषय एकच.

बुधवार, २९ जून, सायंकाळी ५. शिल्लक साडेचार तास

एकाच वेळी दोन खोल्यांत काम चालू होतं. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात बहुमत चाचणीला स्थगिती मागणारा युक्तिवाद. मंत्रालयात आघाडी सरकारची शेवटची मंत्रिमंडळ बैठक.

त्या बैठकीत औरंगाबादचं नाव संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, आणि नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव देण्याचे निर्णय झाले. संभाजीनगर ही शिवसेनेची तीन दशकांची मागणी. बाहेर पडलेल्या आमदारांचा मोठा आक्षेपच हा होता की काँग्रेस-राष्ट्रवादीच्या संगतीत पक्षाला आपली भूमिका सोडावी लागते. त्याच काँग्रेस-राष्ट्रवादीचे मंत्री बैठकीत होते आणि निर्णय झाले. अडीच वर्षं ज्या विषयाला कुणी हात लावत नव्हतं, तो शेवटच्या साडेचार तासांत मार्गी लागला.

नामांतराच्या बाजूनं किंवा विरोधात मी इथे बोलत नाही. माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. हीच देवघेव २०२० मध्ये उघडपणे झाली असती, बदल्यात काँग्रेस-राष्ट्रवादीनं आपल्या दोन गोष्टी मागून घेतल्या असत्या, तर ती भागीदारी ठरली असती. सरकार जाताना दिलेल्या गोष्टीचं श्रेय देणाऱ्याला मिळत नाही आणि घेणाऱ्याला समाधान मिळत नाही. आघाडीनं २०१९ च्या नोव्हेंबरात किमान समान कार्यक्रम लिहून काढला होता, आणि युतीनं जे केलं नव्हतं ते केलं म्हणून त्याचं कौतुकच करायला हवं. पण त्यात एकमत असलेले विषय होते. मतभेदाचे विषय बाजूला ठेवले गेले, आणि बाजूला ठेवलेलेच शेवटी आडवे आले.

बुधवार, २९ जून, रात्री ९. शिल्लक अर्धा तास

न्यायालयानं स्थगिती नाकारली. तुरुंगात असलेले काटोलचे आमदार अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना चाचणीपुरतं सभागृहात येण्याची मुभा दिली. बंडखोर आमदार तोवर गुवाहाटीहून गोव्याकडे निघाले होते.

बुधवार, २९ जून, रात्री साडेनऊ. शून्य

ठाकरे पुन्हा फेसबुकवर आले. मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि विधान परिषदेच्या सदस्यत्वाचाही. सोनिया गांधी आणि शरद पवार यांचे आभार मानले. नंतर स्वतः गाडी चालवत राजभवनावर गेले.

सकाळच्या अधिवेशनाची गरज उरली नाही, आणि मला यात सगळ्यात मोठं नुकसान दिसतं. विधानसभेत उभं राहून, आमदारांच्या डोळ्याला डोळा भिडवून, काय चुकलं आणि काय नाही हे दोन्ही बाजूंनी सांगायला हवं होतं. जे भांडण महाराष्ट्राच्या सभागृहात व्हायला हवं होतं, ते तीन राज्यांतल्या हॉटेलांत आणि फेसबुकवर झालं. पुढे ११ मे २०२३ रोजी घटनापीठानं सांगितलं की राज्यपालांचं चाचणीचं पाऊल समर्थनीय नव्हतं. पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता राजीनामा देऊन मोकळे झाले, म्हणून त्यांचं सरकार परत बसवता येत नाही. ते आणखी साडेतेरा तास थांबले असते तर काय झालं असतं, याचं उत्तर कुणाकडे नाही.

गुरुवार, ३० जून, दुपारी साडेचार. शून्यानंतर १९ तास

राजभवनातून फडणवीस आणि शिंदे पत्रकारांसमोर आले. सगळ्यांची अपेक्षा फडणवीस मुख्यमंत्री होतील अशी. त्यांनी जाहीर केलं की मुख्यमंत्री एकनाथ शिंदे होतील. आपण सरकारबाहेर राहू असंही म्हणाले. संध्याकाळी पक्षश्रेष्ठींच्या सांगण्यावरून त्यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

म्हणजे १०६ आमदारांच्या पक्षानं मुख्यमंत्रिपद शिवसेनेच्या माणसाला दिलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये अडीच वर्षांसाठी जे देता येत नव्हतं, ते जून २०२२ मध्ये उरलेल्या अडीच वर्षांसाठी दिलं गेलं. मधल्या काळात राष्ट्रपती राजवट लागली, एका पहाटे शपथ घेतलेलं सरकार ८० तासांत संपलं, एक सरकार पडलं आणि एक पक्ष उभा फाटला. वर्षभरानं, २ जुलै २०२३ ला, राष्ट्रवादीही फाटली.

असं देणं महाराष्ट्राला नवीन नव्हतं. जून १९९९ मध्ये काँग्रेसमधून हकालपट्टी झाल्यावर शरद पवार यांनी राष्ट्रवादी काढली आणि पाचव्या महिन्यात दोन्ही पक्ष विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात एकत्र बसले. २००४ मध्ये राष्ट्रवादीच्या ७१ जागा आल्या, काँग्रेसच्या ६९. जास्त जागा असूनही राष्ट्रवादीनं मुख्यमंत्रिपद काँग्रेसला दिलं, बदल्यात खाती जास्त घेतली. त्यावर टीका झाली, पण सरकार पाच वर्षं चाललं. उलट १९७८ चं उदाहरण विदर्भाच्या जिव्हाळ्याचं आहे. फुटलेल्या दोन काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि विदर्भाचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. पण तिरपुडे मुख्यमंत्र्यांवर उघड टीका करत राहिले आणि मार्चमध्ये आलेलं सरकार जुलैत गेलं. एकदा हातमिळवणी करून भागत नाही. ती रोज निभवावी लागते.

शिवसेनेला मत देणारे काहीजण इथे मला म्हणतात, तडजोडीच्या नावाखाली आमचं मत काँग्रेसच्या झोळीत टाकलं, ती फसवणूकच होती. त्यांचं दुखणं खरं आहे, आणि २०२२ मध्ये उलट दिशेनं फसवले गेल्याचं दुखणंही तितकंच खरं. त्यावर इलाज म्हणून तडजोडच नको म्हणणं मला पटत नाही. कुणाला काय देणार ते मतदानाआधी लिहून मतदारासमोर ठेवा, एवढीच मागणी आहे. नागपूरकरांना लेखी कराराचं मोल सांगायला नको. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार किती पाळला गेला यावर आपण सत्तर वर्षं भांडतो आहोत, पण भांडता येतं ते कागद आहे म्हणून. २०२० आणि २०२१ चं हिवाळी अधिवेशन नागपुरात झालं नाही, तेव्हा त्याच कागदावर बोट ठेवून विचारता आलं.

ऑगस्ट २०२२ आणि पुढे

नवं सरकार आलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यानं नगरसेवकांची वाढवलेली संख्या रद्द केली आणि २०१७ ची रचना परत आणली. वाढवणारा कायदा मांडला गेला तेव्हा शिंदे नगरविकास मंत्री होते. रद्द झाला तेव्हा मुख्यमंत्री. नागपूरचे ५२ प्रभाग, १५६ जागा, हरकती, सोडत, याद्या, सगळं एका अध्यादेशानं मागे गेलं. प्रकरण न्यायालयात होतंच, ओबीसी आरक्षणाचा प्रश्नही त्यात होता. २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं परिस्थिती जैसे थे ठेवायला सांगितलं. मग तारखा पडत गेल्या. ६ मे २०२५ रोजी न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ रोजी. ३८ प्रभाग, १५१ जागा.

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६. पावणेचार वर्षांहून जास्त. या काळात हुडकेश्वरात नव्या वस्त्या उठल्या, रस्ते झाले, गडरलाइनी पडल्या. अधिकाऱ्यांनी काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. पण सभागृहात उभं राहून हुडकेश्वरचं नाव घेणारा कुणी नव्हता. अर्थसंकल्प मांडले गेले ते चर्चेविना. दहावी झालेल्या मुलाला रहिवासी दाखला हवा असेल, पावसाळ्यात गल्ली तुंबली असेल, तर माणूस माजी नगरसेवकाच्या घरी जायचा. तो बिचारा आपल्या ओळखीवर जमेल तेवढं करायचा. त्याच्याकडे हक्क नव्हता, आणि आपल्याकडे त्याला जाब विचारायचा हक्क नव्हता.

प्रभाग तीनचे की चारचे, जागा १५१ की १५६, हा प्रश्न असा नव्हता की ज्यासाठी कुणी कुणाचा गळा धरावा. जुन्या रचनेवर निवडणूक घ्या आणि नवी रचना पुढच्या वेळी लावा, एवढ्यावर सत्ताधारी आणि विरोधक २०२१ मध्ये भेटले असते, तर इथे वेळेवर मतदान होण्याला एक अडथळा कमी राहिला असता. ते भेटले नाहीत, कारण प्रत्येकाला आपापल्या पक्षाला सोयीची वाटणारी रचना हवी होती आणि सत्ता हातात असताना विचारायचं कशाला, ही सवय दोन्हीकडे सारखी होती.

हा प्रश्न पुन्हा येणार आहे. जनगणना २०२७ मध्ये होते आहे. तिचे आकडे आले की हुडकेश्वर-नरसाळ्यासारख्या वाढलेल्या भागांची लोकसंख्या नव्यानं मोजली जाईल आणि प्रभागांची संख्या, सीमा, सदस्य, सगळं पुन्हा ठरवावं लागेल. महापालिकेची पुढची निवडणूक २०३१ च्या सुमारास. म्हणजे आज कुणाच्या डोक्यावर निवडणुकीची टांगती तलवार नाही, आणि कोणत्या रचनेत कोण जिंकेल हे आज कुणालाच सांगता येणार नाही. सर्वपक्षीय समिती नेमून प्रभागरचनेचा एक कायमचा नियम कायद्यात घालायचा तर तो याच दोन वर्षांत घालता येईल. त्यासाठी नागपूर जिल्ह्याचे बारा आमदार कोणत्याही पक्षाचे असोत, डिसेंबरच्या अधिवेशनात त्यांनी हा एक विषय एकत्र मांडावा. अधिवेशन इथेच, सिव्हिल लाइन्सच्या विधानभवनात असतं.